समीक्षक म्हणजे ज्योतिषी नव्हेत : वर्ड प्रोसेसरच्या पहिल्या परीक्षणांविषयी

१/२४
कृत्रिम बुद्धिमत्तेवर वाद रंगला की कोणीतरी हमखास म्हणते, "वर्ड प्रोसेसर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती. पुढे काय बिघडले?" इतिहासाचा असा दाखला मिळाला की समोरचा गप्प बसतो, कारण ती ओरड नेमकी कोणी केली, कोणत्या यंत्राविषयी केली आणि तिच्यात काय म्हटले होते, हे बहुधा दोघांनाही ठाऊक नसते. आजचा धागा त्या ओरडीविषयी आहे. १९७६ ते १९९० या काळात अमेरिकेत वैयक्तिक संगणकावरील लेखनाच्या सॉफ्टवेअरचे स्वागत समीक्षकांनी कसे केले, ते पाहू.

२/२४
माझे म्हणणे आरंभीच मांडते. जुन्या समीक्षकाला आपण ज्योतिषी समजतो. त्याचे भाकीत खरे ठरले की खोटे, एवढेच पाहतो आणि गुण देऊन मोकळे होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याला साक्षीदार मानावे. साक्षीदाराला तीन प्रश्न विचारायचे असतात: आपण कोठे उभे होता? आपल्याला काय दिसले? आणि त्या जागेवरून काय दिसणे शक्यच नव्हते? वर्ड प्रोसेसरच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते.

३/२४
थोडी पूर्वपीठिका. वर्ड प्रोसेसर वैयक्तिक संगणकाच्या आधीपासून अस्तित्वात होता. आयबीएमने १९६४ साली टाइपरायटरला चुंबकीय फीत जोडलेले यंत्र बाजारात आणले. एकदा टंकलेला मजकूर फितीवर राही; दुरुस्ती केली की यंत्र तो आपोआप पुन्हा छापून देई. १९७६ मध्ये वँग कंपनीचे पडदा असलेले यंत्र आले. ही यंत्रे हजारो डॉलर किमतीची, मोठ्या कचेऱ्यांसाठी बनलेली. ती चालवणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. हा तपशील ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

४/२४
डिसेंबर १९७६. चित्रपटाच्या धंद्यातून बाहेर पडलेले मायकेल श्रेयर कॅलिफोर्नियात अल्टेअर ८८०० या हौशी लोकांच्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहीत होते. प्रोग्रॅम झाला, पण त्याची माहितीपुस्तिका टाइपरायटरवर लिहून काढणे त्यांना नकोसे वाटले. जो संगणक समोर आहे त्यावरच ती का लिहू नये, या विचारातून 'इलेक्ट्रिक पेन्सिल' जन्मली. घरगुती संगणकासाठीचा हा पहिला वर्ड प्रोसेसर मानला जातो. त्या वेळी प्रत्येक कंपनीचा संगणक निराळा, प्रत्येकाचा छपाईयंत्राशी बोलण्याचा रिवाज निराळा. त्यामुळे श्रेयर यांना एकाच प्रोग्रॅमच्या डझनावारी आवृत्त्या कराव्या लागल्या.

५/२४
ही यंत्रे किती तोकडी होती याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण. टीआरएस-८० या लोकप्रिय संगणकाच्या पहिल्या मॉडेलमध्ये इंग्रजीची लहान अक्षरे पडद्यावर उमटतच नसत. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत. 'इलेक्ट्रिक पेन्सिल' नीट वापरायची तर संगणक उघडून त्यात डागडुजी करावी लागे. ॲपल-२ च्या पडद्यावर एका ओळीत जेमतेम ४० अक्षरे मावत आणि तेथेही लहान अक्षरे नव्हती. म्हणून १९७९ च्या 'ॲपल रायटर'मध्ये मोठे अक्षर ओळखू यावे यासाठी ते उलट्या रंगात, म्हणजे उजळ चौकटीत काळे असे दाखवले जाई. "यात लहान अक्षरे दिसतात का?" हा त्या काळी समीक्षकाने विचारायचा गंभीर प्रश्न होता.

६/२४
आता साक्षीदारांकडे वळू. ते तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेले होते.

पहिली खुर्ची संगणक-मासिकांच्या परीक्षकांची. 'बाइट' १९७५ मध्ये सुरू झाले. पुढे 'इन्फोवर्ल्ड', 'पीसी मॅगझीन', 'पीसी वर्ल्ड' आली. यांचा वाचक स्वतः पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणारा होता. त्यामुळे परीक्षणाची भाषा बाजारहाट करणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकाची: कर्सर किती चपळ आहे, मजकूर हरवतो का, माझ्या छपाईयंत्रावर चालेल का, माहितीपुस्तिका समजते का, आणि एवढी किंमत द्यावी का.

७/२४
या खुर्चीसमोर आलेला पहिला मोठा पाहुणा म्हणजे 'वर्डस्टार'. सीमोर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीने तो १९७९ मध्ये आणला. प्रोग्रॅम लिहिला रॉब बार्नबी यांनी. ओळ संपली की शब्द आपोआप खालच्या ओळीत जाई आणि पान कोठे तुटणार हे पडद्यावर दिसे. आज या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांचे कौतुक करावे असे सुचत नाही. पण ४९५ डॉलरच्या आसपास किंमत असलेल्या या पॅकेजने हजारो डॉलरच्या कचेरीतल्या यंत्राचे काम घरच्या टेबलावर आणले, हे परीक्षकांनी अचूक ओळखले.

८/२४
तक्रारही एकमुखी होती: शिकायला अवघड. वर्डस्टारमध्ये सगळा कारभार कंट्रोल कळीवर चाले. कर्सर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे नेण्यासाठी ई, एक्स, एस आणि डी या चार कळा. मजकुराचा तुकडा निवडायचा तर सुरुवातीला के-बी, शेवटी के-के, आणि हलवायचा तर के-व्ही. नवख्याला हा मंत्रतंत्राचा प्रकार वाटे. मूळ माहितीपुस्तिका पुरेना म्हणून वर्डस्टार शिकवणाऱ्या स्वतंत्र पुस्तकांचा एक बाजारच उभा राहिला. आर्थर नैमन यांचे १९८२ चे पुस्तक त्यांपैकी प्रसिद्ध.

९/२४
मग परीक्षक चुकले का? त्या चार कळा कळफलकावर पाहा. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. बरोबर एक चौकट होते. एकदा बोटांना सवय झाली की हात अक्षरांवरून उचलावाच लागत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या अवाढव्य कादंबऱ्या वर्डस्टारच्या चौथ्या आवृत्तीवरच लिहिल्या, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. 'शिकायला अवघड' आणि 'वापरायला अवघड' या दोन भिन्न गोष्टी आहेत. परीक्षकाच्या हाती यंत्र काही दिवस असते, लेखकाच्या हाती काही वर्षे. परीक्षण हा प्रकार पहिल्या भेटीचाच वृत्तान्त देऊ शकतो. ही त्या खुर्चीची मर्यादा; तीत परीक्षकाचा दोष नाही.

१०/२४
या मर्यादेचा परिणामही झाला. १९८४ च्या अखेरीस मायक्रोप्रोने 'वर्डस्टार २०००' जाहीर केला. शिकायला सोपा जावा म्हणून जुन्या आज्ञा बदलल्या. परिणाम असा, की वर्षानुवर्षांची बोटांची सवय असलेला जुना वापरकर्ता दुरावला. शिवाय नव्या पॅकेजची चाल संथ. त्याच सुमारास युटा राज्यातून आलेला 'वर्डपरफेक्ट' पुढे सरकत होता आणि दशक संपेपर्यंत अग्रस्थान त्याच्याकडे गेले. मायक्रोप्रोच्या घसरणीला अनेक कारणे होती. तरी पहिल्या भेटीत छाप पाडण्याच्या नादात जुना स्नेही दुखावला, हे त्यांतले एक कारण आहेच.

११/२४
परीक्षकांचा सर्वांत चोख न्याय म्हणून मी 'ईझीरायटर'चे उदाहरण देईन. जॉन ड्रेपर हे दूरध्वनी-व्यवस्थेत घुसखोरी करण्यासाठी कुप्रसिद्ध गृहस्थ. त्यांनी हा प्रोग्रॅम मुळात ॲपल-२ साठी लिहिला. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक आणला तेव्हा त्यासोबत लेखनासाठी हाच निवडला. नावात 'सोपा' असलेला हा लेखक परीक्षकांच्या हाती पडला आणि उघडा पडला. 'पीसी मॅगझीन'मध्ये १९८२ साली अँड्र्यू फ्लूगलमन यांनी त्याच्या उणिवा एकेक करून दाखवल्या. अखेर आयबीएमला सुधारित आवृत्ती ग्राहकांना विनामूल्य द्यावी लागली. बलाढ्य कंपनीचे नाव पाहून समीक्षा दबली नाही, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

१२/२४
आता ज्या उदाहरणावरून समीक्षकांची खिल्ली उडवली जाते, ते घेऊ. मायक्रोसॉफ्टचा 'वर्ड' १९८३ च्या शरद ऋतूत आला. 'पीसी वर्ल्ड'च्या अंकासोबत त्याची नमुन्याची फ्लॉपी वाटली गेली. माउस वापरता येई, ठळक आणि तिरपी अक्षरे पडद्यावर तशीच दिसत. तरीही स्वागत कोमट. 'बाइट'च्या १९८४ च्या परीक्षणात त्याच्या हुशार रचनेचे कौतुक आहे. पण माहितीपुस्तिकेवर कडक ताशेरे आहेत, आणि माउसने काम करताना लाभापेक्षा अडचणीच अधिक, असा निष्कर्ष आहे. पुढे याच वर्डने जग व्यापले. म्हणून आपण हसतो.

१३/२४
हे हसणे कालविपर्यासाचे आहे. परीक्षकासमोर १९८३-८४ चा वर्ड होता. डॉसवर चालणारा, मंद यंत्रावर रांगणारा. ज्याने बाजार जिंकला तो विंडोजसाठीचा वर्ड १९८९ मध्ये आला. दरम्यान प्रोसेसर, पडदे, छपाईयंत्रे आणि संगणकाची कार्यप्रणाली बदलली होती. पाळण्यातल्या मुलाचे वजन नोंदवणाऱ्याला, तो पुढे मल्ल झाला म्हणून खोटे ठरवावे, असा हा न्याय झाला. समोर जे होते त्याविषयी परीक्षक खरे बोलत होते.

१४/२४
मॅकिंटॉशबरोबर १९८४ मध्ये आलेल्या 'मॅकराइट'विषयीही तेच. पडद्यावर नाना वळणांची अक्षरे पाहून परीक्षक हरखले. त्याच वेळी त्यांनी तक्रार केली, की सगळा मजकूर संगणकाच्या स्मृतीत मावावा लागत असल्यामुळे काही पानांपलीकडे लिहिताच येत नाही. कौतुक आणि तक्रार, दोन्ही यथार्थ. पत्र लिहिणाऱ्यासाठी ते यंत्र अद्भुत होते, प्रबंध लिहिणाऱ्यासाठी निरुपयोगी.

१५/२४
दुसरी खुर्ची लेखकांची आणि साहित्याच्या जाणकारांची. त्यांना कर्सरच्या वेगाशी कर्तव्य नव्हते. यंत्रामुळे लेखनाचे काय होते, हा त्यांचा प्रश्न.

पत्रकार जेम्स फॅलोज यांनी जुलै १९८२ च्या 'अटलांटिक' मासिकात संगणकाबरोबरच्या सहजीवनाचा लेख लिहिला. त्यांच्याकडे सोल-२० हा संगणक होता आणि त्यावर 'इलेक्ट्रिक पेन्सिल'. प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळे पान नव्याने टंकण्याची वेठ संपली, याचा त्यांना झालेला आनंद त्या लेखात भरून आहे. आणि यंत्र बिघडल्यावर होणारी फरफटही आहे. हा लेख भक्ताचा नाही आणि द्वेष्ट्याचाही नाही.

१६/२४
लेखनकलेचे शिक्षक विल्यम झिन्सर यांनी १९८३ मध्ये वर्ड प्रोसेसरवर लिहिण्याविषयी पुस्तकच काढले. त्यांचे यंत्र आयबीएमचे, कचेरीसाठी बनलेले होते. पण मुद्दा सर्वांना लागू पडणारा. धास्तावून सुरुवात केलेले झिन्सर शेवटी यंत्राचे चाहते झाले, कारण त्यांच्या मते चांगले लेखन म्हणजे पुनर्लेखन, आणि पुनर्लेखनातले कष्ट यंत्राने हलके केले.

याच्या उलट टोकाला गोर विडाल. साहित्य ही कल्पनाच वर्ड प्रोसेसर पुसून टाकतो आहे, असे त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर लिहिले. ज्याची आज टिंगल होते ती 'ओरड' या जातीची. पण लेखकवर्गात झिन्सरही होते आणि विडालही. 'लेखकांनी विरोध केला' असे सरसकट विधान टिकत नाही.

१७/२४
दुसऱ्या खुर्चीवरचा सर्वांत गाजलेला वाद १९९० चा. डेलावेअर विद्यापीठात लेखन शिकवणाऱ्या मार्शिया पीपल्स हॅलियो यांनी 'अकॅडेमिक कॉम्प्युटिंग' या नियतकालिकात लिहिले, की मॅकिंटॉशवर लिहिणारे विद्यार्थी आयबीएमवर लिहिणाऱ्यांपेक्षा बाळबोध वाक्ये लिहितात आणि हलकेफुलके विषय निवडतात. वाचनसुलभतेच्या एका मोजपट्टीवर मॅकवाल्यांचे लेखन आठवीच्या पातळीचे भरले, आयबीएमवाल्यांचे बारावीच्या वरचे. चित्रे आणि खेळकर अक्षरे यांमुळे मनही पोरकट होते की काय, असा त्यांचा संशय.

१८/२४
लेखनशिक्षणाच्या क्षेत्रातील अभ्यासकांनी या लेखावर झोड उठवली, आणि ती रास्त होती. कोणत्या विद्यार्थ्याने कोणते यंत्र वापरायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते; विद्यार्थ्यांनी आपापले यंत्र निवडले होते. मग फरक यंत्रामुळे पडला की निवडणाऱ्याच्या स्वभावामुळे, हे कसे कळणार? शिवाय वाक्ये छोटी म्हणजे विचार छोटा, हे कोणी ठरवले?

तरीही मला हॅलियो यांना निकालात काढायचे नाही. लेखनाच्या साधनाचे रूप लेखकाला कोणत्या दिशेने नकळत ढकलते, हा त्यांचा प्रश्न खरा होता. पद्धत कच्ची होती म्हणून प्रश्न कच्चा ठरत नाही.

१९/२४
आता तिसरी खुर्ची, आणि तिच्याकडे जाणारी वाट एका वादातूनच जाते. शेतकरी-लेखक वेंडेल बेरी यांनी १९८७ मध्ये, आपण संगणक का विकत घेणार नाही, याविषयी छोटा निबंध लिहिला. 'हार्पर्स' मासिकाने तो पुनर्मुद्रित केला. कोळशाच्या खाणींवर चालणारी वीज आपल्या लेखनासाठी नको, नव्या साधनाने जुन्याच्या जागी यावे तर ते स्वस्त, लहान आणि दुरुस्त करता येण्याजोगे असावे, असा त्यांचा युक्तिवाद. ओघात त्यांनी सांगितले, की मी हाताने लिहितो आणि माझी पत्नी ते १९५६ साली घेतलेल्या रॉयल टाइपरायटरवर टंकून देते.

२०/२४
वाचकांची पत्रे आली ती नेमकी या वाक्यावर. घरात पत्नी असली की संगणक कशाला हवा, असा त्यांचा उपरोध. बेरी यांनी पुढे स्त्रीवाद, देह आणि यंत्र यांवर सविस्तर उत्तर लिहिले. पत्नी हे काम राजीखुशीने करते आणि ती आपली पहिली संपादक आहे, हे बाहेरच्यांना कसे दिसणार, असा त्यांचा रोख. त्या घराचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या पत्रांमुळे एक प्रश्न उघडपणे पुढे आला: फॅलोज ज्या पुनर्टंकनाच्या वेठीतून सुटले, ती वेठ एरवी कोण करत होते?

२१/२४
उत्तर ग्रंथांच्या ऋणनिर्देशांत आहे. २०१७ मध्ये समाजमाध्यमांवर 'थँक्स फॉर टायपिंग' हा हॅशटॅग चालला; त्यात विद्वानांनी नाव न घेता 'टंकलेखनासाठी पत्नीचे आभार' मानल्याचे शेकडो नमुने लोकांनी मांडले. कादंबरीकार लेन डायटन यांच्या साहाय्यक एलेनॉर हँडली एकेक प्रकरण डझनावारी वेळा टंकत. आयबीएमच्या माणसाला हे कळले आणि १९६८ मध्ये त्यांच्या घरी ते फितीचे यंत्र आले. १९७० ची 'बॉम्बर' ही वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली पहिली कादंबरी असावी, असे संशोधक मॅथ्यू कर्शेनबॉम मानतात. मुखपृष्ठावर नाव एकाचे, यंत्रावर हात दुसरीचे.

२२/२४
कचेरीतल्या टंकलेखिकांनीही या यंत्रांची समीक्षा केली. फक्त ती परीक्षणाच्या सदरात छापली गेली नाही. बॉस्टनमध्ये १९७३ साली सुरू झालेल्या 'नाइन टू फाइव्ह' या स्त्री-कारकुनांच्या संघटनेने पडद्यासमोरच्या कामाने होणारा डोळ्यांचा त्रास आणि यंत्रामागे दडलेली पाळत यांविषयी आवाज उठवला. मिनिटाला किती कळा दाबल्या हे आता यंत्रच मोजू लागले होते. अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने १९८७ मध्ये या इलेक्ट्रॉनिक देखरेखीवर स्वतंत्र अहवाल काढला. ज्या यंत्राने लेखकाला मोकळे केले, त्याच जातीचे यंत्र टंकलेखिकेवर मुकादम म्हणून बसले. आज कामगारांवरच्या डिजिटल पाळतीची चर्चा ऐकताना सर्वांत ताजी वाटते ती याच तिसऱ्या खुर्चीची साक्ष. आणि 'ओरड झाली होती' म्हणणाऱ्यांना नेमकी तीच ठाऊक नसते.

२३/२४
तिन्ही खुर्च्यांवरून न दिसलेली एक गोष्ट आपल्या लिपीशी निगडित आहे. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात. आठवा रिकामा राहतो. सुरुवातीच्या वर्डस्टारने तो आठवा बिट मजकुराच्या मांडणीच्या खुणांसाठी वापरून टाकला. इंग्रजी वाचकासाठी लिहिणाऱ्या परीक्षकाला यात दोष दिसण्याचे कारण नव्हते. पण भारतीय लिप्यांसाठी जे इस्की मानक १९९१ मध्ये पक्के झाले, त्यात देवनागरीची अक्षरे बसवली होती ती नेमकी या आठव्या बिटाने उघडणाऱ्या वरच्या १२८ जागांत. एका लिपीची मोकळी जागा ही दुसऱ्या लिपीची राहण्याची जागा होती. कोणा परीक्षकाची ही दुष्ट बुद्धी नव्हे. 'मजकूर' म्हणजे इंग्रजी मजकूर, हे त्यांना हवेपाण्याइतके स्वाभाविक होते. साक्षीदाराला काय स्वाभाविक वाटत होते, हे त्याच्या मौनातूनच कळते.

२४/२४
तेव्हा पुढच्या वेळी कोणी "तेव्हाही ओरड झाली होती" असे म्हणाले, तर एवढेच विचारा: कोणाची ओरड? परीक्षकांनी समोरच्या वस्तूविषयी बहुधा खरे सांगितले. लेखकांची भीती अतिरंजित होती, पण साधन लेखनाला वळण लावते हा त्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. टंकलेखिकांचे म्हणणे फारसे कोणी ऐकलेच नाही. त्यामुळे ते चुकीचे ठरले असे म्हणण्याची सोयही नाही. "टीकाकार नेहमीच चुकतात" हा निष्कर्ष या पुराव्यातून निघत नाही, आणि "त्यांनी सावध केले होते" हाही सरसकट निघत नाही.

नव्या यंत्रावरचा आजचा वाद वाचतानाही या खुर्च्या मोजून पाहा. कोण लिहिते आहे, कोणाला लिहायला जागा मिळालेली नाही, आणि कोणाची भाषा गृहीत धरलेली आहे. ज्यांना मूळ साहित्य वाचायचे आहे त्यांच्यासाठी 'बाइट'चे जुने अंक आंतरजालावर उपलब्ध आहेत. परीक्षणे वाचाच, पण त्यांच्या शेजारच्या जाहिरातीही पाहा आणि कळफलकावर हात कोणाचे दाखवले आहेत ते मोजा. काय आढळले ते खाली लिहा. मतभेद असतील तर अधिक आवडीने वाचेन.